साथीत गेला

पाण्याचा नमुना घ्यायचा म्हणजे आधी नळाचं तोंड जाळून घ्यायचं. स्पिरिटचा बोळा चिमट्यात धरायचा, पेटवायचा, नळाखाली धरायचा, धातू चांगला तापला की नळ सोडायचा, थोडं पाणी वाहून जाऊ द्यायचं आणि मग बाटली लावायची, तीही गळ्यापर्यंत भरायची नाही, वर बोटभर हवा ठेवायची. साथरोग खात्यात तिचा जन्म गेला होता आणि हे काम ही बाई झोपेतसुद्धा बिनचूक करेल असं साहेब नव्या लोकांना सांगायचे. त्या दिवशी मात्र बाटली भरून वाहिली, पाणी मनगटावरून बाहीत शिरलं, बाहीतून कोपरापर्यंत गेलं, आणि ती आपली तशीच उभी. नमुना फुकट. गल्लीत काविळीचे पेशंट सापडले होते म्हणून ती दारोदार नळ तपासत फिरत होती, आणि ही गल्लीतली शेवटची इमारत. पक्षाघाताच्या झटक्याने वाचा गेलेल्या माणसांना इथे पुन्हा बोलायला शिकवत. वरच्या मजल्यावर कोणीतरी ऑर्गन वाजवत होतं. पायाने भाता मारायचा तो जुना, कपाटाएवढा ऑर्गन असणार, कारण आवाज कसा पोटातून येत होता. आधी ती ऐकत नव्हतीच, कानावर पडत होतं एवढंच. मग वाजवणं संपत आलं आणि शेवटचा सूर तुटला नाही. बोट पट्टीवर तसंच ठेवलेलं, पाय मात्र भात्यावरून उचललेले. सूर दमत गेला, किंचित खाली घसरला आणि आपला आपण विझला. असं संपवणारा एकच माणूस तिला माहीत होता. तिचा मामा. तो ती सात वर्षांची असताना मेला होता, आणि तिच्यामुळे मेला होता.

“अहो बाई, पाणी!” जिन्याखालच्या स्टुलावरून केंद्राच्या मावशी ओरडल्या. झाडलोट, चहा, आल्यागेल्याची चौकशी, सगळा कारभार त्यांचाच दिसत होता. तिने नळ बंद केला. ओली बाही पिळली. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, “वर कोण वाजवतंय?”

“मास्तर. साथीचे.”

“कुठल्या साथीचे?” तिच्या गळ्यात खात्याचं ओळखपत्र होतं आणि तिच्या तोंडी त्या शब्दाला एकच अर्थ होता.

मावशींनी छातीला हात लावला. “अगंबाई! साथ आलीय का? मग हे पाणी प्यायचं का नाही आम्ही?”

“साथ नाही हो, नुसती तपासणी आहे. तुम्हीच म्हणालात ना, साथीचे मास्तर.”

“अहो, गाण्याची साथ! ह्या लोकांना बोलता येत नाही, पण गाता येतं, तर बाई त्यांच्याकडून गाऊन घेतात आणि मास्तर साथीला बसतात. दर बुधवारी.” आणि मग स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन मावशी हसत सुटल्या. “घ्या! तुम्ही पण साथवाल्या आणि ते पण साथवाले. बसा वर जाऊन गप्पा मारत.”

ती वर गेली नाही. जिना समोर होता, कठड्याचा रंग हातांनी घासून गेलेला, वर खुर्च्या सरकवल्याचा आवाज, कोणाचं तरी अडखळत हसणं. चिमटा, स्पिरिटची बाटली, बोळे, सगळं तिने पिशवीत भरलं, दुसरा नमुना घ्यायचं विसरली, रस्त्यावर आली आणि उलट्या दिशेने चालायला लागली. पुलापाशी आल्यावर तिला कळलं की आपण तो एकच शब्द मनातल्या मनात उलटसुलट करतोय. साथीचे. साथीला. साथीत. संपला तो, साथीत गेला. बंद दाराच्या आतून बाबा आईला सांगत होते; त्याचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही, संपला तो, साथीत गेला; आणि आई रडत होती. दाराबाहेर ती उभी, सात वर्षांची. सख्ख्या मावशीकडून नुकतीच परत आलेली, पायात अजून प्रवासातले मोजे. त्याच वर्षी कोपऱ्यावरच्या शिंप्याचा मुलगा तापाच्या साथीत गेला होता, शाळेतल्या घंटेवाल्याची बायको साथीत गेली होती, जो तो हेच म्हणायचा, आणि साथीत जाणं म्हणजे काय हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती मोजे न काढता पांघरुणात शिरली. विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही, कारण विचारलं असतं तर कोणीतरी उलट विचारलं असतं, की तुला का एवढी काळजी, तू काय केलंस?

केलं होतं ते असं. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, त्यांच्याच घरी राहायचा आणि बाबांकडे शिकायचा. बाबा ऑर्गनचे शिक्षक, आणि शिक्षक म्हणजे काय, जमदग्नी. पण मामा वाजवायला बसला की त्यांचा चेहरा निवळायचा. हा मुलगा एकटा बसेल आणि सभागृह भरवेल, असं ते म्हणायचे, आणि खरंच ते दिवस येत चालले होते. मोठ्या सभागृहात त्याचा एकट्याचा कार्यक्रम ठरला होता, भिंतींवर त्याचं चित्र लागलं होतं, चित्रातले कान जरा मोठे आले होते म्हणून घरात हसाहस झाली होती. तो सरावाला बसला की ती ऑर्गनखाली शिरायची आणि दोन्ही हातांनी भाता मारायची. तो पाय वर घेऊन मजेत वाजवायचा. तिला तो फुंकर म्हणायचा. ए फुंकर, दमलीस? ए फुंकर, झोपलीस का, सूर बसला बघ! शेवटच्या सुराला हात उचलायचे हे तिला त्यानेच शिकवलं. सुराला तोडायचं नाही, दमू द्यायचं, घरी जायचं असतं त्याला. बाबा त्याला आळस म्हणायचे. तर त्या वर्षी तिला गालगुंड झालं, दोन्ही गाल सुजले, मागच्या खोलीत एकटीला ठेवलं, तिथून बाहेर पाय टाकायचा नाही असा आईचा सक्त हुकूम. आणि तिने टाकलाच. दुपारी सगळी आडवी झाल्यावर ती मामाच्या खोलीत गेली. त्याने ऑर्गन उघडला होता आणि आतले पितळेचे बारके सूर काढून पुसत बसला होता. सूर म्हणजे खरोखरचे सूर, पट्टी दाबली की वाऱ्याने थरथरतात त्या पितळी जिभा. कारागीर त्यांनाच सूर म्हणतात. त्यातला एक त्याने तिला फुंकायला दिला. गालांमुळे तिला फुंकर जमेना, नुसती फुर्रर्र, लाळ गळली, मामा पोट धरून हसला, म्हणाला, दोन्ही गालांत भाता भरलाय आणि वारा कुठाय? आणि तिच्या तोंडातला तो सूर घेऊन, बाहीला जेमतेम पुसून, त्याने आपल्या तोंडात धरला आणि वाजवला. तो सूर तिला अजून ऐकू येई. ऑफिसात, स्वयंपाक करताना, कशातही. मग तिला मावशीकडे पाठवलं, आणि तिथे कधीतरी कानावर आलं की मामालाही तेच झालंय, जोरात झालंय. आणि परत आली तर, साथीत गेला.

पुढे ती शिकली, या खात्यात आली, म्हणजे आली कसली, दुसरीकडे कुठे जाणारच नव्हती. कोणाला कोणापासून लागलं याचा माग काढणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मुलाला लागलं ते आत्यापासून, आत्याला शेजारणीपासून, शेजारणीला लग्नघरात. एक धागा सापडला की ती शेवटपर्यंत जायची. घरात आणखी कोणाला होतं का, हा प्रश्न तिने किती उंबऱ्यांवर विचारला असेल त्याला गणती नाही. लोक खोटं बोलतात. नाही हो, कोणालाच नाही, असं म्हणतात, पण म्हणताना नजर त्या माणसाकडे जातेच जाते, पाळण्याकडे, आतल्या दाराकडे. तेवढं तिला पुरायचं. स्वतःचं मात्र तिने कधी तपासलं नाही. गालगुंडाने धडधाकट पुरुष मरत नाही, हे पहिल्याच वर्षी पुस्तकात वाचलं होतं तिने. वाचलं आणि पान उलटलं. मेंदूत उतरलं असेल, उतरतं कधीकधी, असं स्वतःला सांगून टाकलं. ताईच्या मुलांचे तिने कधी पापे घेतले नाहीत. एका पेल्यातलं पाणी कोणाला दिलं नाही. मूल नको म्हणाली तेव्हा नवऱ्याने कारण विचारलं, ती म्हणाली, मला नाही जमणार, आणि त्या भल्या माणसाने पुन्हा विषय काढला नाही. हात धुऊन धुऊन तिच्या बोटांची कातडी कायम पांढरी असायची. नवरा म्हणायचा, अगं, रेषा पुसल्या जातील एक दिवस.

संध्याकाळी तिने ताईला फोन लावला. ताई तिच्याहून बरीच मोठी, तिकडे दूर मुलाकडे राहायची, फोनवर बोलताना नेहमी काहीतरी निवडत किंवा सोलत असायची.

“ताई, मामा कशाने गेला?”

“कुठला मामा?”

“आपल्याला किती मामा आहेत गं?”

पलीकडचं सोलणं थांबलं. “गेला? कधी? तुला कोणी सांगितलं?”

तिने भिंतीला हात टेकला. भिंत गार होती. “बाबा म्हणाले होते. साथीत गेला म्हणून.”

“अगं ए बावळट!” ताई हसली की ओरडली ते कळेना. “साथीत गेला म्हणजे साथ करायला लागला! कोणा नाचणाऱ्या बाईच्या मागे ऑर्गन घेऊन बसला. बाबांना ते मेल्यातच जमा होतं. एकट्याने सभागृह भरवायचं सोडून दुसऱ्यांच्या मागे बसतो म्हणजे काय! म्हणून नाव काढायची बंदी. तुला काय वाटलं?”

“मला वाटलं मेला.”

“इतकी वर्षं?”

“इतकी वर्षं.”

ताई हळू आवाजात म्हणाली, “आई गेली तेव्हा आला होता तो. मागे उभा राहिला, कोणाशी बोलला नाही, निघून गेला. तुला दिसला नसणार. तू तेव्हा साथीत होतीस ना, त्या पुराच्या गावात. दुसऱ्या दिवशी पोचलीस.” तू साथीत होतीस. हेही किती सहज म्हणाली ताई. “मला वाटायचं तुला माहितीय आणि तू बाबांसारखीच त्याच्यावर डूख धरून आहेस. तू त्याचं नाव निघालं की उठून जायचीस गं.”

“पण सोडलं का त्याने? एकट्याने वाजवणं?”

“कोण जाणे. आजारातून उठला आणि काहीच्या काहीच वाजवायला लागला. ऑर्गनला त्या खुंट्या असतात ना, ओढल्या की आवाज वाढतो, तर हा उजवीकडच्या सगळ्या बाहेर ओढून बसायचा. वरचे सूर नुसते किंचाळायचे. आम्ही कानात बोटं घालायचो आणि हा आपला विचारायचा, येतंय ना ऐकू? बाबा म्हणाले, भीती बसलीय, सभागृहाची धास्ती घेतलीय. मग कार्यक्रमाच्या आधीच पळाला.”

फोन ठेवल्यावर ती हसली. मोठ्याने हसली, नवरा आतून बघायला आला. काय झालं म्हणून विचारलं तर तिने सांगितलं, एक माणूस मेलेला नाहीये, आणि तिला रडू फुटलं, आणि मग राग आला, असा की ओट्यावरची भांडी तिने उगाचच पुन्हा घासली. म्हणजे मी मारलं नाही. म्हणजे हा जिवंत होता, त्याच शहरात, नळाच्या पाण्याने चहा करून पीत होता, आणि इकडे मी. एक पत्र टाकायला काय झालं होतं? फुंकर मोठी झाली का, एवढं विचारायला कोणाला? भांडं घासता घासता तिचा हात थांबला. उजवीकडच्या खुंट्या. सगळ्या. येतंय ना ऐकू? मोरीत पाणी वाहत राहिलं. गालगुंडाने माणूस मरत नाही. पण पुस्तकात त्याच पानावर खाली आणखी एक ओळ होती, तीही तिने वाचली होती, तीही इतक्या जणांना समजावली होती, की ताप उतरल्यावर कानाकडे लक्ष ठेवा, जातो कधीकधी, एकच कान जातो, रातोरात जातो आणि परत येत नाही.

पुढचा बुधवार यायला आठवडा होता आणि त्या आठवड्यात तिने जे केलं त्याला शहाणपण म्हणायचं की पळपुटेपणा, ते तिलाही सांगता आलं नसतं. ती कामाला लागली. दुखणं सापडलं की थेट पेशंटपाशी जायचं नाही, आधी लांबच्या टोकाला जायचं, तिथून धागा धरून आत यायचं, हीच तिची रीत. ऑर्गन दुरुस्त करणाऱ्याकडून ताई म्हणाली त्या नाचाच्या बाईंचा पत्ता मिळाला. बाई आता थकल्या होत्या, खुर्चीत बसून शिकवायच्या, पण मास्तरांचं नाव काढल्याबरोबर त्यांच्या पायांनी ठेका धरला. “देवमाणूस! पण हट्टी, हट्टी म्हणजे किती! ऑर्गन भिंतीला सरळ लावायचा नाही. तिरका. मुलींनी त्याच्या डावीकडेच नाचायचं. मी म्हणायची, अहो, उजवीकडून येऊ दे की एखादी, तर ऑर्गनचं झाकण बंद करून बसायचे.” तिने विचारलं, वाजवायचे कसे? बाईंनी जरा विचार केला. “वाजवतात असं वाटायचंच नाही. मुलीचा पाय चुकला ना, तर हे तिच्याबरोबर चुकायचे. मुद्दाम. तिच्या चुकीच्या पायावर सूर ठेवायचे, की बघणाऱ्याला वाटावं, असंच बसवलंय. मुलगी सुटायची. मी एकदा म्हटलं, मास्तर, तुमची चूक समजतील लोक. तर म्हणाले, समजू दे. मला आहे सवय.” बाई तिच्या ओळखपत्राकडे बघत होत्या. “त्यांना काही रोग झालाय का हो?” तिने मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, ते बाईंना कळलं नसावं. रस्त्यात येऊन तिने एका दुकानाच्या पायरीवर बसकण मारली आणि बराच वेळ उठली नाही. तिरका ऑर्गन. डावीकडे माणसं. धागा सरळ आत जात होता आणि आत तीच बसलेली होती, सुजलेल्या गालांची, तोंडात पितळेचा सूर. मारलं नाहीस, हे बरोबर. पण साथीत गेलाच तो. बाबांनी सांगितलं त्या अर्थाने गेला आणि तिने ऐकलं त्या अर्थानेही.

बुधवारी ती पाण्याच्या नमुन्याचं निमित्त करून गेली. निमित्त म्हणजे खरंच होतं, गेल्या वेळचा नमुना तिने फुकट घालवला होता. नळ जाळला, बाटली भरली, बोटभर हवा ठेवली, आणि मग जिना चढली. कठड्याला तिने हात लावला नाही. वरच्या खोलीत अर्धगोलात खुर्च्या होत्या, सगळ्या ऑर्गनच्या डाव्या अंगाला, आणि ऑर्गन भिंतीशी तिरका. तिला वाटलं होतं ओळखू येणार नाही. कान बघितल्याबरोबर आला. चित्रात मोठे आले नव्हते, होतेच मोठे. बाकी माणूस मात्र आटून गेलेला, मानेच्या शिरा दिसत होत्या, गुडघे भात्यावर एकाआड एक वरखाली होत होते आणि प्रत्येक वेळी चेहरा जरासा आवळला जात होता. शिकवणाऱ्या बाईंनी तिला मागे बसायची खूण केली. पुढच्या खुर्चीत एक दांडगा म्हातारा होता, पूर्वीचा ट्रक ड्रायव्हर म्हणे, उजवा हात मांडीवर निपचित. बाई म्हणाल्या, म्हणा, मला पाणी हवंय. त्याच्या ओठांची नुसती ओढाताण झाली, कपाळावर घाम आला, एक अक्षर निघेना. मग मास्तरांनी हळूच दोन सूर धरले, साधे, झोपाळ्यासारखे मागेपुढे, आणि ड्रायव्हर गायला लागला. म, ला, पा, णी. मध्येच त्याचा सूर घसरला, भलत्याच पट्टीत गेला, तोंडावर भीती दिसायला लागली, आता तो थांबणार. आणि ऑर्गन त्याच्या आधी घसरला. तिने तो क्षण बघितला. बोटं सरकली आणि चूक म्हणून काही राहिलीच नाही, ड्रायव्हर जिथे पडत होता तिथे जमीन आली. हवं, य! म्हणून त्याने टाळी वाजवायला हात उचलला, एकच हात, तो दुसऱ्या मांडीवर आपटला. सगळे हसले. तिला तिथून उठून पळावंसं वाटत होतं.

वर्ग सुटला, माणसं एकमेकांना धरून जिना उतरली, बाईही गेल्या. मास्तर एका फडक्याने पट्ट्या पुसत होते. ती उजव्या बाजूने गेली आणि काहीतरी बोलली, नमस्कार की कसं काय, तिचं तिलाच आठवत नाही. मास्तर सगळं अंग वळवून तिच्याकडे फिरले. “ह्या बाजूने या बाई. तो कान कामातून गेलाय.”

ती डावीकडे गेली. प्रश्न आपले आपण आले, इतकी वर्षं ते तिच्या तोंडात बसलेले होते. “कधीपासून?”

“झाली की बरीच वर्षं.”

“हळूहळू गेला?”

“रात्रीत.”

“त्याआधी ताप होता? गालाखाली सूज?”

मास्तरांनी फडकं थांबवलं. “मावशी म्हणाल्या, तुम्ही पाणी बघता. कान पण बघता?”

“साथ बघते.”

“मी पण,” ते म्हणाले, आणि किंचित हसले, आणि पुन्हा पुसायला लागले. भाता बंद होता, त्यामुळे पट्ट्या दबत होत्या आणि आवाज येत नव्हता, नुसती लाकडाची टकटक. तिला वाटलं, आता नाही विचारलं तर आपण ह्या जन्मात विचारणार नाही. खालून मावशींच्या कपबशा विसळण्याचा आवाज येत होता.

“घरात तेव्हा आणखी कोणाला होतं का?”

“नाही,” मास्तर म्हणाले. “कोणालाच नव्हतं.”

आणि तिच्याकडे बघितलं. अगदी तेवढंच, लोक पाळण्याकडे बघतात तेवढं. मग झाकण लावायला वाकले आणि वाकल्या वाकल्याच म्हणाले, “जाताना दार ओढून घे फुंकर. वारा येतो.”

ती दारापर्यंत गेली. कडीचं लोखंड गार होतं. बाहेर जिना, जिन्याखाली पिशवी, पिशवीत नमुना, दुपारपर्यंत तो पोचवायचा होता. ओढून घे, म्हणजे जा. कोणालाच नव्हतं. त्याने तिच्या चुकीखाली जमीन आणून ठेवली होती. असंच बसवलंय असं कोणालाही वाटलं असतं, आणि ती सुटली असती, कायमची सुटली असती. बाबांनाही त्याने हेच सांगितलं असणार. किंवा सांगितलंच नसणार, भित्रा म्हणवून घेतलं असेल आणि निघून गेला असेल, पण कान गेलाय हे तोंडातून काढलं नसेल, कारण मग पुढचा प्रश्न आलाच असता. तिला इतका राग आला की तिलाच नवल वाटलं. कोणी सांगितलं होतं याला? मी काय ड्रायव्हर आहे, माझ्या तोंडात शब्द नाहीत? तिने दार ओढून घेतलं, आतून, आणि मागे वळली.

तो पाठमोरा होता. सवयीने ती उजवीकडूनच गेली, त्या मेलेल्या कानाकडून, आणि म्हणाली, “मामा, मीच होते. मला गालगुंड होतं. मी पळून आले आणि तुझा सूर तोंडात धरला.” तो हलला नाही. पाठ तशीच, फडकं हातात तसंच. बोलून झालं होतं, तिने सांगितलं होतं, त्याला ऐकू गेलं नाही यात तिचा काय दोष, असं मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोला, येऊन गेलं. मग ती ऑर्गनला वळसा घालून पलीकडे गेली. डाव्या कानाशी वाकली. “मामा, तुझा कान माझ्यामुळे गेला,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा फुटला की खाली कपबशा थांबल्या.

“ओरडू नकोस गं,” मामा म्हणाला. “पहिल्यांदाच ऐकू आलं. एक कान पुरतो मला.”

त्याने तिच्या हाताकडे बघितलं, त्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे, आणि कपाळाला आठ्या घातल्या. “हे काय करून घेतलंस? तुझे गाल काय मला दिसत नव्हते? हे एवढाले गाल! बघून हसलो, आणि वर तोच सूर तोंडात घातला. मोठा कोण होता त्या खोलीत?”

“मग सांगितलं का नाहीस कोणाला?”

“सांगून? तुझ्या बाबांनी पहिलं काय विचारलं असतं?” त्याने फडकं खांद्यावर टाकलं. “तू मला मेलेला समजत होतीस हे मला माहीत नव्हतं. रात्री ताईचा फोन आला. कुठून नंबर काढला तिने कोण जाणे. ते माहीत असतं तर आलो असतो.”

तिला त्याच्याशी भांडायचं होतं. आईच्या वेळेला मागच्या मागे निघून गेलास त्याचं, पत्राचं, सभागृहाचं, भिंतीवरच्या चित्राचं, सगळ्याचं. ते भांडण पुढे झालंही, पुष्कळ दिवस पुरलं. त्या दिवशी तो स्टुलावर सरकला, पाय भात्यावरून काढून बाजूला घेतले आणि गुडघे चोळत म्हणाला, “आलीच आहेस तर बस खाली. गुडघे गेलेत माझे. भाता मार.”

ती जमिनीवर बसली. ऑफिसचे कपडे, गळ्यात ओळखपत्र, ते तिने पाठीवर टाकलं. खाली अंधार होता, जुन्या लाकडाचा आणि चामड्याचा वास होता, आणि दोन्ही भाते तिच्या हातांना पूर्वी वाटायचे त्यापेक्षा पुष्कळ लहान वाटले. तिने तळवे टेकले आणि दाबायला लागली. वर त्याने पहिला सूर धरला, मग दुसरा. आता गाणारं कोणी नव्हतं, नाचणारं कोणी नव्हतं, तो एकटा वाजवत होता, आणि उजवीकडच्या खुंट्या त्याने अर्ध्याच ओढल्या होत्या. किती वाजवलं कोण जाणे. तिचे खांदे भरून आले. शेवटच्या सुराला हात कधी उचलायचे, ते त्याला सांगावं लागलं नाही.